रिकामा डबा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात आले तसेच ठेवले आहे.)



कमिटीने मला विषय दिला होता 'संस्थेची पंचवीस वर्षांची आर्थिक वाटचाल'. मी नऊ वर्षं खजिनदार होतो, त्याआधी सगळं आयुष्य बँकेत गेलं, म्हणून त्यांना वाटलं असावं की हे आकडेच सांगतील. आकडे अहवालात छापलेले आहेत, ऑडिट झालेलं आहे. ज्यांना रात्री झोप येत नसेल त्यांनी जरूर वाचावेत.

मी त्या अहवालातल्या एकाच ओळीवर बोलणार आहे. २०१३ सालच्या खर्चात ती ओळ आहे. 'इमारत क्र. २ मधील सदनिकेस आग लागल्याने जिना, रंगकाम व वायरिंग दुरुस्ती.' पुढे रक्कम. ती ओळ मीच लिहिली होती आणि ती सदनिकाही माझीच होती. इथल्या निम्म्या लोकांनी ती आग पाहिलेली आहे. उरलेले निम्मे नंतर राहायला आले किंवा तेव्हा पाळण्यात होते, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

मे महिना, दुपारचे दोन. फ्रिज, कूलर आणि इन्व्हर्टर ही तिन्ही मी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतली होती. वायरमनने दोनदा सांगितलं होतं, साहेब असं करू नका. मी म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात. तेव्हा दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच. मी पुढच्या खोलीत झोपलो होतो. आमची ही वर गच्चीवर होती, चार-पाच घरच्या बायकांबरोबर कुरडया घालत. धूर आधी त्यांना दिसला. मला जाग आली ती दार बडवल्याच्या आवाजाने. दार उघडलं, तर शेजारचे गृहस्थ दंडाला धरून मला ओढतच बाहेर घेऊन आले. कुणीतरी खालचा मेन स्विच पाडला. ते गृहस्थ तोंडाला ओला टॉवेल लावून परत आत गेले, रेग्युलेटर काढला आणि भरलेला सिलिंडर दोन जिने खाली, पार मैदानात नेऊन ठेवला. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे होतं.

मग बादल्या आल्या, बागेचा पाईप आला, ओल्या सोलापुरी चादरी आल्या. गच्चीवरून बायकांनी हाताला लागेल ते पातेलं उतरवलं आणि ओतलं, त्यात कुरडयांच्या चिकाचंही एक पातेलं होतं. हसू नका. आगीचं डाग-काजळ रंगाखाली गेलं, पण स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो चीक असा काही चिकटला होता की गवंड्याला छिन्नी लावावी लागली. जीवितहानी नाही. स्वयंपाकघर आणि मधली खोली गेली. ठेवींच्या पावत्या जळाल्या, त्याचं मला काही वाटलं नाही. पावती जळते, ठेव जळत नाही, अर्ज करून दुसरी मिळते. पण हिने तूरडाळीच्या डब्यात नोटा ठेवल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांचा कोळसा झाला होता. करपून ठिसूळ झालेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात न्याव्या लागतात. हे मी काउंटरवरून कितीतरी लोकांना सांगितलं होतं, तेव्हा त्यांचा चेहरा कसा होतो ते पाहिलं नव्हतं. त्या दिवशी घरातच पाहिला. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने स्वतःच्या घरातल्या सामानाचा विमा काढलेला नव्हता, हेही जाता जाता कबूल करतो.

तर आग अर्ध्या तासाची. मला बोलायचं आहे ते पुढच्या पाच महिन्यांबद्दल.

पहिले एकोणीस दिवस आम्ही समोरच्या रो-हाऊसमध्ये राहिलो. त्यांनी विचारलंच नाही, हिच्या हातातली पिशवी घेऊन चालू लागले. आणि त्या संध्याकाळपासून डबे सुरू झाले. सकाळी पोहे, दुपारी भाकरी-भाजी, रात्री खिचडी. कुणी कडक भाकऱ्यांची चळत दिली, 'चार दिवस राहतील, वेळी-अवेळी होतील' म्हणून. शेंगाचटणी तर इतकी जमली की दुकान टाकता आलं असतं. रस्त्यात जो भेटेल तो 'ऊटा आतेन्री?' विचारायचा. जेवलात का? हा आपल्याकडचा रामराम आहे, पण त्या दिवसांत उत्तर ऐकायला लोक खरंच थांबायचे.

माझी सवय जात नाही. मी डायरीत नोंद ठेवायला लागलो, तारीख, डबा, कुणाचा. ही म्हणाली, 'आता व्याज पण लावा.' ते तिचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

नोंद ठेवणं सोपं होतं, कारण आपल्याकडे भांड्यांवर नावं कोरलेली असतात. लग्नातली, मुंजीतली, मामाने दिलेली, भिशीत मिळालेली. डबा उलटा केला की मालक कळतो. एकच डबा असा होता की ज्यावरची अक्षरं मला वाचता येईनात. पितळी, कल्हई केलेला, जुना, आणि नाव कन्नडमध्ये. आता निम्मं गाव घरात कन्नड बोलतं, मीही बोलतो, पण शाळा मराठी झालेली, अक्षराशी ओळख नाही. तो डबा चार दिवस लागोपाठ आला. ज्वारीची भाकरी, झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा. दारात ठेवलेला असायचा, कोण ठेवतं ते दिसायचं नाही. शेवटी कन्नड शाळेत जाणाऱ्या एका पोराकडून वाचून घेतलं. एका बाईचं माहेरचं नाव आणि खाली गाव, आळंद.

आळंद माहेर असलेली सोसायटीत एकच बाई होती. ज्यांनी माझ्या घरातला सिलिंडर बाहेर काढला, त्यांचीच बायको.

आता मला जे सांगायला अवघड जातं, ते सांगतो. त्या घराचा मेंटेनन्स चौदा महिने थकलेला होता. धंदा बसला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मी खजिनदार. उपविधीप्रमाणे तेव्हा थकबाकीवर एकवीस टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येत होतं, ते मी लावलं होतं. तीन नोटिसा दिल्या होत्या. आणि थकबाकीदारांची यादी जिन्याखालच्या फलकावर लावली होती. यादीत नावं चार, पहिलं त्यांचं.

आगीनंतर तिसऱ्या दिवशी मला वाटलं, लोकांचे आभार मानायला हवेत. मी काय केलं? लेटरहेडवर टाईप केलं. 'दिनांक अमुक रोजी घडलेल्या दुर्घटनेप्रसंगी सर्व सभासदांनी केलेल्या सहकार्याबद्दल आभारी आहे.' सही, खजिनदार. आणि ते नेऊन फलकावर लावलं. फलकावर जागा एकच रिकामी होती, थकबाकीच्या यादीच्या शेजारची. मी टाचणी टोचली आणि निघून आलो. माझ्या काही लक्षातसुद्धा आलं नाही. डब्यावरचं नाव वाचून घेतलं त्या संध्याकाळी जिन्याखालून जाताना मात्र ते दोन कागद शेजारी शेजारी दिसले आणि मी तिथंच उभा राहिलो.

तरी यादी काढली नाही. नियम म्हणजे नियम, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं तर त्यांच्या दारापर्यंत जायची लाज वाटत होती.

मदत करणं आपल्याला जमतं. मैंदर्गीत काय, कुठेही, आग दिसली की माणूस बादली उचलतो, त्याला शिकवावं लागत नाही. पण घेणं फार अवघड असतं, आणि हे मला आमच्या हिच्याकडून कळलं. बाराव्या दिवशी दुपारी डबा आला आणि ती उघडायलाच तयार होईना. घरमालकीणबाई म्हणाल्या, 'बसा वहिनी, तुमच्यावर प्रसंग आलाय, तुम्ही काही करायचं नाही.' त्यावर ही रडायला लागली. आगीच्या दिवशी रडली नव्हती. म्हणाली, 'बारा दिवस झाले, मी कुणाला घोटभर चहा दिला नाही. मला तुमची चूल द्या.' आणि तिने त्या परक्या स्वयंपाकघरात नऊ माणसांचं पिठलं-भाकरी केलं, सगळ्यांना वाढलं, मग जेवली. त्या रात्री ती नीट झोपली.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो, निदान मूठभर साखर तरी घालायची, ही आपली रीत. आणि तिच्याकडे अकरा घरचे डबे घासून-पुसून ठेवलेले, आत घालायला स्वतःचं म्हणून काही नाही. तिचं खरं दुःख ते होतं. मी मात्र विम्याचा हिशोब करत बसलो होतो.

म्हणून २०१७ साली लंडनची बातमी आली तेव्हा तिला ती माझ्याआधी कळली. १४ जूनला रात्री ग्रेनफेल टॉवर नावाच्या चोवीस मजली इमारतीला आग लागली. चौथ्या मजल्यावरच्या एका घरातला फ्रिज पेटला, एवढंच निमित्त, आणि बहात्तर माणसं गेली. रमझान होता, रोजे धरणारी घरं रात्री जागी होती, त्यांनी शेजारची दारं वाजवून कितीतरी लोकांना उठवलं. दुसऱ्या दिवशी कपड्यांचे, पांघरुणांचे ढीग इतके आले की काही केंद्रांना 'आता आणू नका' म्हणावं लागलं. पण घरं गेलेल्या माणसांची सोय हॉटेलात होती आणि तिथे चूल नाही. तेव्हा जवळच्या अल मनार या इस्लामी केंद्राचं स्वयंपाकघर एका बाईने मागितलं, घरच्यांसाठी ताजं काही करावं म्हणून. तिच्यामागे दुसरी आली, तिसरी आली. निरनिराळ्या देशांतल्या बायका तिथे आपापल्या पद्धतीचं रांधू लागल्या आणि नुसतं आपल्या घरचं नाही, इतरांसाठीही करू लागल्या. त्या स्वयंपाकघराचं नाव 'हुब्ब' ठेवलं, अरबीत त्याचा अर्थ प्रेम. आपल्या इथले दख्खनी बोलणारे काका सांगतील, 'हुब्बे-वतन'मधला तोच हुब्ब. पुढे त्या बायकांच्या पाककृतींचं पुस्तक निघालं, इंग्लंडच्या राजघराण्यातल्या सुनेने प्रस्तावना लिहिली आणि विक्रीचे पैसे त्या स्वयंपाकघराला गेले.

मुलीने मोबाईलवर हे वाचून दाखवलं, तर ही म्हणाली, 'बरोबर केलं त्यांनी. खायला कितीही द्या हो, चूल मागणारच बाई.' वृत्तपत्रांनी त्यावर रकाने लिहिले, इतक्या थोडक्यात कुणी लिहिलं नाही.

आता बंबाकडे वळतो. त्या दिवशी बंब आला होता. बाहेरगावाहून यायचा, अंतर होतं, रस्ता आपल्याकडचा. पोचला तेव्हा ज्वाळा विझल्या होत्या. त्या माणसांनी तरीही आत जाऊन छत तपासलं, भिंती थंड केल्या, गादीच्या आत धुमसणारा कापूस बाहेर काढला. तो राहिला असता तर रात्री परत पेटला असता. आणि आपण काय केलं? आपल्यातलेच दोघं-तिघं म्हणाले, 'आता आलाव होय?' मी ऐकलं आणि गप्प राहिलो. त्या अकरा डब्यांची नोंद माझ्याकडे आहे. बंबावरच्या माणसांना पाणी दिलं का, याची नाही. नावं तर कुणीच विचारली नाहीत.

दोन वर्षांनी, २०१५च्या ९ मे रोजी मुंबईत काळबादेवीला गोकुळ निवास या जुन्या, लाकडी बांधणीच्या इमारतीला आग लागली. रहिवासी सुखरूप बाहेर आले. आग विझवायला आत गेलेल्या अधिकाऱ्यांवर इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथेच गेले. सुधीर अमीन आणि सुनील नेसरीकर भाजलेले होते, पुढच्या पंधरा दिवसांत तेही गेले. यातले नेसरीकर मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख होते. बँकेत आमचे मोठे साहेब दरोडा पडला तर दुसऱ्या दिवशी यायचे, चौकशीला. इथे दलाचा प्रमुख स्वतः जळत्या घराशी गेला होता. ती बातमी वाचताना मला सारखं ते 'आता आलाव होय' ऐकू येत होतं.

१४ एप्रिल आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, बाबासाहेबांची जयंती. त्याच तारखेला अग्निशमन सेवा दिनही असतो, आणि २० तारखेपर्यंत सप्ताह. त्याचं कारण १९४४ सालचं आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकाच जहाजात. माझ्या एक्स्टेन्शन बोर्डासारखंच म्हणायचं. आग लागली, विझवणारे जवळ असतानाच स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. आजूबाजूची वस्ती उद्ध्वस्त झाली, हजारो लोक बेघर झाले. अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान गेले. त्यांच्यासाठी हा दिवस. सोन्याच्या विटा उडून कुठे कुठे पडल्या. कित्येक वर्षांनी गोदीतला गाळ काढतानाही सापडत राहिल्या. एक वीट एका निवृत्त पारशी इंजिनिअरच्या घरात येऊन पडली. त्याने ती सरकारला परत केली आणि मिळालेलं बक्षीस मदतनिधीला देऊन टाकलं. कॅशियरची नोकरी केलेल्या माणसाला या गोष्टीबद्दल किती आदर वाटतो, ते तुम्हाला नाही कळायचं.

लंडनचे लोक त्या आगीनंतर दर महिन्याच्या १४ तारखेला न बोलता चालत जात. वाटेत अग्निशमन दलाचे जवान दोन्ही बाजूंना उभे असत, आणि चालणारे थांबून त्यांना मिठी मारत. ज्या जवानांना बहात्तर माणसं वाचवता आली नाहीत, त्यांना. कमिटीला माझी सूचना आहे. पुढच्या १४ एप्रिलला सकाळी जयंतीची मिरवणूक झाली की आपण चार-पाच जणांनी बंबावरच्या माणसांना भेटून यावं. हार-तुरे, फोटो, बॅनर काही नको. डबे घेऊन जाऊ.

आणि त्याहून आधी जिना. मघाशी मी येताना मोजल्या, दोन नंबरच्या जिन्यात पाच सायकली, एक कपाट, गणपतीच्या मंडपाचे बांबू आणि कुणाचा तरी जुना कूलर आहे. लाल सिलिंडर भिंतीला आहे, त्याची भरण्याची तारीख उलटून गेलीय. २०१८ साली परळला क्रिस्टल टॉवरला आग लागली, २२ ऑगस्ट, बकरी ईदचा दिवस. सकाळची वेळ, बाराव्या मजल्यावर आग, धूर वरपर्यंत. चार जण गेले. इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत नव्हती, असं अग्निशमन दलानेच सांगितलं. त्या इमारतीत झेन सदावर्ते ही दहा वर्षांची मुलगी होती. तिने शाळेत शिकलेलं आठवून सुती कापडाचे तुकडे ओले केले, शेजाऱ्यांच्या नाकातोंडाला लावायला सांगितले, सगळ्यांना एकत्र धीराने बसवलं. सतरा माणसं त्यामुळे वाचली आणि तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. सतरंजीवर बसलेल्यांनो, तुमच्याएवढीच होती. सुती कापड, नायलॉनचं नाही. ओलं करून. आणि खाली वाकून चालायचं, धूर वर असतो. माझ्या शेजाऱ्यांनी ओला टॉवेल लावला होता तो उगीच नाही.

एक गोष्ट बोलावी की नाही याचा मी विचार करत होतो, आनंदाचा दिवस आहे. पण आपण सगळे सोलापूरला जाताना अक्कलकोट रोड एमआयडीसीवरूनच जातो, आणि गेल्या वर्षीपासून तिथे आलं की एस.टी.त बोलणं थांबतं. २०२५च्या १८ मे रोजी, रविवारी पहाटे तिथल्या टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. मालकांचं घर तिथेच. मालक, त्यांच्या घरातले, कामगाराच्या घरातले, मिळून आठ जण गेले. त्यात लेकरंही होती. बंबावरची माणसं तासन् तास झगडत होती. ज्या घरात आभार मानायला कुणी उरत नाही, त्या घरासाठीही ती माणसं तेवढंच झगडतात. माझ्या अर्ध्या तासाच्या आगीत आम्ही दोघं उरलो, म्हणून मी आज इथे डब्यांच्या गोष्टी सांगू शकतो. एवढं बोलून तो विषय सोडतो.

आमचं स्वयंपाकघर दसऱ्याला उभं राहिलं. तोवर आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत होतो. डबे परत करायचा हिचा कार्यक्रम आठ दिवस चालला, प्रत्येकात शेंगापोळ्या. संक्रांत लांब होती, पण तिला दुसरं काही द्यायचं नव्हतं. दहा घरी ती एकटी गेली. अकराव्या घरी म्हणाली, 'इथे तुम्ही यायचं.'

गेलो. अक्कांनी चहा टाकला. डबा हातात घेऊन त्यांनी झाकण उघडलं, पोळ्या पाहिल्या, हसल्या, कन्नडमध्ये हिला म्हणाल्या, एवढं कशाला. मी घसा खाकरला. बँकेत सत्कारांची शेकडो भाषणं ठोकलेला माणूस मी, पण तोंडातून शब्द फुटेना. कसंबसं म्हटलं, 'त्या दिवशी तुम्ही नसता तर… फार उपकार झाले, थँक्यू म्हणायचं राहून गेलं.'

ते गृहस्थ जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'ते थँक्यू-बिंक्यू जाऊ द्या की ओ साहेब. त्या बोर्डावरचं नाव तेवढं काढा. पोरीला बघायला पाहुणे येणार आहेत, जिन्यातूनच येतील.'

त्या रात्री मी यादी काढली. माझा तो टाईप केलेला आभाराचा कागदही काढला. व्याज मात्र माफ केलं नाही, हेही सांगतो, कारण नंतर तशी कुजबूज झाली होती. संस्थेचा पैसा तुम्हा सर्वांचा, माझ्या कर्जाची फेड मी त्यातून करायची नसते. त्यांनीही तसं मागितलं नाही. दहा हप्ते ठरवले, दर महिन्याला पावती मी स्वतः घरी नेऊन दिली, चहा पिऊन आलो. पुढच्या वार्षिक सभेत थकबाकीची यादी फलकावर लावायची नाही असा ठराव मी मांडला. तो आजही चालू आहे. नवीन खजिनदार कधी कधी कुरकुर करतात, कारण घरोघरी जावं लागतं. जावं लागतंच.

मुलीचं लग्न चांगलं झालं. चार वर्षांपूर्वी फ्लॅट विकून ते दोघं आळंदला गेले, तिथे शेती आहे. ते गेल्यावर दिवाळीच्या साफसफाईत आमच्याकडे एक झाकण निघालं, पितळी, कल्हईचं, कन्नड अक्षरांचं. परत देताना आम्ही आमच्या डब्याचं झाकण बसवून दिलं होतं आणि इतकी वर्षं दोन्ही घरांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फोन केला, तर अक्का म्हणाल्या, 'असू द्या की वहिनी, तेवढ्या निमित्तानं याल.'

आज त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना चढता येत नाही, म्हणून आले नाहीत. आम्ही येत्या रविवारी आळंदला जाणार आहोत. नुसतं झाकण कसं द्यायचं म्हणून ही शेंगापोळ्या करतेय. गाडीत मागे दोन जागा आहेत, जुन्या लोकांपैकी कुणाला यायचं असेल तर आज जेवताना सांगा. सकाळी सातला निघू.